आठवड्याचा सिनेमा: तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न: ताई, परवा घरी 'गोदावरी' बघितला, मला खूप आवडला पण आई अर्ध्यातच उठून चहा ठेवायला गेली, म्हणाली सगळे नुसते रडवेले. आता चतुर्थीला भाऊ-वहिनी येतायत, सगळ्यांनी मिळून बघण्यासारखं काय ते सांगा ना. (एक वाचक, फोंडा)

उत्तर: अगो, आईचं काही चुकलं नाही! 'गोदावरी'तला निशिकांत सतत चिडलेला, आणि नाशिकचे ते घाट बघून आपल्यालाच जड व्हायला होतं, पण जितेंद्र जोशीने त्याचं काम असलं केलंय की 2021च्या इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात, म्हणजे आपल्या पणजीतच, त्याला सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचं बक्षीस मिळालं. शेवटचा भाग एकटीने पुन्हा बघ.

चतुर्थीला मात्र 'नाचुया कुंपासार' लाव. 2014चा कोंकणी सिनेमा, गोव्याचे संगीतकार क्रिस पेरी आणि गायिका लोर्ना यांच्या गाण्यांभोवती गुंफलेला. गोष्ट तशी दुःखीच आहे हां, पण गाणी सुरू झाली की दुःख कुठे आठवतंय, आईसुद्धा पाय हलवील बघ. माझ्या मामीने तर मोदक वळता वळता बघितला, दोन मोदक फुटले.

'कासव' पण सांगणार होते, सुमित्रा भावे-सुनील सुकथनकरांचा, सुवर्णकमळ मिळालेला. मोरजीला कासवं अंडी घालायला येतात ना, तसलाच समुद्रकिनारा त्यात आहे. पण तो फार संथ आहे, नैराश्यावरचा आहे, घरात पाहुणे नि पोरांचा दंगा असताना नको. पाहुणे गेले की रात्री निवांत लाव, आणि आईला आधीच सांगून ठेव की चहा नंतर.