पाळी मागेपुढे होते, अंगावरून फार जातं, हा आजार आहे का?

तुमचं वय २९. पाळी कधी २६ दिवसांनी येते, कधी ३२. पहिल्या दोन रात्री दोनदा उठून पॅड बदलावं लागतं, रक्ताच्या गाठी पडतात आणि घरचे म्हणतात, "बाईच्या जातीला हे चालायचंच." तुम्हाला काळजी वाटतेय ती तारखेची. मला तुमचा प्रश्न वाचताना काळजी वाटली ती गाठींची. मी डॉक्टर नाही, पण हेच दुखणं सहा वर्षं अंगावर काढलंय.

तारखेचं आधी सांगते. दोन पाळ्यांत २४ ते ३८ दिवसांचं अंतर आणि त्यात आठवडाभराचा फरक, हे नियमितच धरतात. तुमचं त्यात बसतं. सलग तीन महिने पाळी आली नाही तर मात्र थांबू नये. आधी गर्भधारणेची चाचणी, मग थायरॉईड, प्रोलॅक्टिन (अंगावर दूध आणणारं हार्मोन) आणि पीसीओएस (हार्मोन बिघडून बीज वेळेवर न सुटणं) यांचा तपास. झपाट्याने वजन घटलं किंवा व्यायाम फार झाला तरी पाळी थांबते. यातल्या बऱ्याच जणींचं मूळ एकच असतं: अंडाशयातून बीज सुटत नाही. बीज सुटलं नाही की प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन पुरेसं बनत नाही, गर्भाशयाचं अस्तर नुसतं जाड होत राहतं आणि मग कधीतरी एकदम ढासळतं. म्हणून लांबलेली पाळी पुष्कळदा जोरात येते.

आता रक्तस्रावाचं. मी रात्री अडीचचा गजर लावून झोपायचे. खुर्चीवरून उठले की आधी मागे वळून खुर्ची बघायची, ही सवय इतकी मुरली होती की पाळी नसतानाही बघायचे. जिना चढताना धाप लागायची, दिवसभर बर्फ चघळावासा वाटायचा. हे सगळं लोह संपल्याचं लक्षण आहे, हे मला कुणी सांगितलंच नाही. तपासलं तेव्हा हिमोग्लोबिन ७.४ निघालं. सोनोग्राफीत गर्भाशयाच्या आतल्या बाजूला फायब्रॉइड (स्नायूची साधी, कर्करोग नसलेली गाठ) दिसला. तो लहानच होता, पण अस्तराला लागून असलेली छोटी गाठही पुष्कळ रक्त घालवते. माझी गाठ पोटावर छेद न देता दुर्बिणीने काढली.

तुम्हालाही फायब्रॉइडच असेल असं नाही. पॉलिप (अस्तरावर वाढलेला मऊ कोंब) असू शकतो, अस्तर गर्भाशयाच्या स्नायूत शिरलेलं असू शकतं (याला अ‍ॅडेनोमायोसिस म्हणतात), तांबी बसवलेली असू शकते, रक्त पातळ करणारी गोळी चालू असू शकते. आणि पहिल्या पाळीपासूनच असं होत असेल, दात काढल्यावरही रक्त लवकर थांबत नसेल, तर रक्त गोठण्यातला जन्मजात दोष तपासायला डॉक्टरांना आवर्जून सांगा. हा दोष फार जणींचा वर्षानुवर्षं राहून जातो.

दुखण्याबद्दल तुम्ही काही लिहिलं नाही, म्हणून थोडक्यात. पहिल्या एक-दोन दिवसांच्या कळा प्रोस्टाग्लँडिन या शरीरातल्या रसायनामुळे गर्भाशय आवळतं म्हणून येतात. पण वर्षागणिक वाढणारं दुखणं, संबंधांच्या वेळी किंवा शौचाला होताना येणारी कळ, यामागे एंडोमेट्रिऑसिस (अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढणं) असू शकतो आणि तो साध्या सोनोग्राफीत दिसेलच असं नाही.

दवाखान्यात "जास्त जातं" एवढंच सांगू नका, मी वर्षानुवर्षं तेवढंच सांगत राहिले. किती तासांत पॅड पूर्ण भिजतं, अडीच सेंटिमीटरपेक्षा मोठ्या रक्ताच्या गाठी पडतात का, सातपेक्षा जास्त दिवस जातं का, हे दोन पाळ्या लिहून ठेवा. हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिन (लोहाचा साठा दाखवणारी रक्ततपासणी) ही करा. हिमोग्लोबिन ठीक असूनही लोहाचा साठा रिकामा असू शकतो. पण लागोपाठ दोन तास दर तासाला पॅड भिजलं किंवा चक्कर आली, तर दुसऱ्या पाळीची वाट बघू नका. त्याच दिवशी जा, आणि पाळीची पहिली तारीख लिहून न्या, ती सगळ्यात आधी विचारतात.