ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) नव्याने आलेल्या सिस्टरसाठी
सिस्टर, आधी टाक्यांच्या धाग्याच्या पाकिटावरचा आकडा नीट वाचायला शिका. शून्यं वाढली की धागा बारीक होतो: चेहऱ्याला ६-० (म्हणजे सहा शून्यं), पोटाची शीथ, म्हणजे स्नायूंवरचं मजबूत आवरण, बंद करायला जाड १ नंबर. मग सुई बघा. त्वचेला कटिंग (धारदार कडांची), आतड्याला राउंड बॉडी (गोल, बिनधारेची). आतड्याला कटिंग देऊ नका, भोक फाटत जातं. धाग्यांपैकी व्हिक्रिल साधारण दोन महिन्यांत शरीरात विरघळतं, प्रोलीन विरघळत नाही.

पण माझा खरा आग्रह मॉपच्या, म्हणजे रक्त टिपायच्या कापडी घड्यांच्या, मोजणीचा आहे. सुरुवातीला, पोट बंद करण्याआधी, त्वचेचे टाके घालण्याआधी, दर वेळी दोन सिस्टरनी मिळून, मोठ्याने. प्रत्येक मॉप उलगडून बघा. रक्ताने भिजलेले दोन मॉप चिकटून एकच वाटतात. एक्स-रेत दिसणारी पट्टी नसलेला साधा गॉज जखमेच्या आत जाऊच देऊ नका. आकडा जुळला नाही, तर सर्जन कितीही सिनिअर असोत, स्पष्ट सांगायचं: "सर, एक मॉप कमी आहे, थांबा." घाबरू नका, तो तुमचा अधिकारच आहे. बादली, ड्रेपच्या (पेशंटवर अंथरलेल्या चादरींच्या) घड्या, टेबलाखाली, सगळीकडे शोधा. तरी सापडला नाही, तर पेशंटला ओटीबाहेर नेण्याआधी एक्स-रे काढायला लावा आणि नोंद करा.