विश्वास कमी पडतोय का?

प्रश्न : सात महिने नोकरी नाही. रोज प्रार्थना करते, पण उत्तर नाही. उपासनेनंतर सगळे म्हणतात, ‘ताई, विश्वास ठेवा.’ आता रविवारी चर्चला जायला नको वाटतं.

उत्तर : ताई, देवाकडे गाऱ्हाणं मांडणं म्हणजे अविश्वास नव्हे. बायबलमधलं स्तोत्र १३ उघडा. अवघी सहा वचनं. पहिल्या दोनांतच स्तोत्रकर्ता दावीद देवाला चारदा विचारतो, ‘कुठवर?’ तिसऱ्या-चौथ्यात मागणं येतं, भरवसा थेट पाचव्यात. आपण बहुतेक जण एकदम पाचव्यावर उडी मारतो, म्हणून ते शब्द तोंडात कोरडे पडतात. मोठ्याने वाचा. दुसऱ्या वचनापाशी थांबा आणि घरभाडं, मुलांची फी, जे असेल ते नाव घेऊन देवाला सांगा. मगच पुढे जा. पाचव्या वचनाला रडू आलं तर येऊ द्या.

चर्चच्या मंडळीत सगळ्यांना सांगू नका, विश्वासातल्या दोघींनाच सांगा. ‘माझ्यासाठी प्रार्थना करा’ एवढंच म्हटलं तर आठवड्यात विसरलं जातं. ‘मंगळवारी अकराला मुलाखत आहे’ असं सांगा, म्हणजे बुधवारी त्या आपणहून फोन करतील. पैशांची ओढाताण असेल तर पाळकांना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना, एकांतात भेटा. आणि या रविवारी जाच. गाता आलं नाही तरी चालेल, शेजारची गाईल.