गिऱ्हाईकाचा नंबर पार्टनरला द्यायचा का?

प्रश्न: सर, मी कोल्हापूरच्या कळंबा-पाचगाव भागात प्लॉटची कामं करतो. पार्टनरनं विसार देऊन एक जागा धरलीय, गिऱ्हाईक माझं, कमिशन निम्मं निम्मं, पण तो आत्ताच सगळ्यांचे नंबर मागतोय, देऊ का?

उत्तर: दादा, सगळी यादी तर अजिबात नको. आधी त्याचं साठेखत (जागा पुढं विकत घ्यायचा मालकाशी केलेला करार) बघा, जागा तिसऱ्याच्या नावावर करून द्यायचा हक्क त्यात लिहिलाय का, नसेल तर पुढं व्यवहार अडू शकतो आणि तुमचं गिऱ्हाईक मात्र उघडं पडतंय. मग ५०० च्या स्टॅम्पवर लिहून घ्या, गट नंबर, गिऱ्हाईकाचं नाव, आणि वर्षभरात त्यानं परस्पर व्यवहार केला तरी तुमचा वाटा द्यायचा. ‘त्या गिऱ्हाईकाशी कायमचं काम करायचं नाही’ असलं काही घालू नका, धंद्याला आडकाठी घालणारी अट १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २७ पुढं टिकायची नाही. जागा दाखवायला स्वतः जावा, आदल्या दिवशी पार्टनरला व्हॉट्सॲप टाका, ‘उद्या अमक्यांना आणतोय, गिऱ्हाईक माझं’, त्याचं ‘ओके’ आलं की जपून ठेवा, भांडण झालं तर हाच पुरावा कामाला येतो. आणि नंबर देण्याआधी गिऱ्हाईकालाही विचारा हो, विश्वास त्यानं तुमच्यावर टाकलाय.