खंडाच्या जमिनीवरचे वैभव

प्रिय अभ्यासकास,
सप्रेम आशीर्वाद.

कॅलिफोर्नियात भात पिकवणारे कोरियन स्थलांतरित किम चोंग-रिम यांच्यावरील तुझा लेख दोनदा वाचला. मेहनत दिसते. परंतु एका प्रश्नापाशी तुझी लेखणी अडखळलेली आहे: कोरियाच्या स्वातंत्र्यासाठी एवढी संपत्ती ओतूनही त्यांच्या मदतीने उभी राहिलेली वैमानिक शाळा वर्षभरातच बंद पडली, तर त्या दानाचे मोल कसे ठरवायचे? माझ्या मते उत्तर त्यांच्या देशप्रेमात शोधण्याआधी त्यांच्या शेतात शोधावे.

‘तांदळाचा राजा’ ही उपाधी तू पहिल्याच वाक्यात दिली आहेस. ती खरीच आहे, पण ती वाचताच वाचकाच्या डोळ्यांपुढे पिढीजात जमीनदार उभा राहतो. प्रत्यक्षात कॅलिफोर्नियाच्या १९१३ च्या कायद्याने आशियाई स्थलांतरितांना शेतजमीन विकत घेण्याची बंदी होती आणि खंडाने, म्हणजे भाडेपट्ट्याने, घ्यायची तरी मुदत तीन वर्षांची. ज्यांना नागरिकत्वच मिळू शकत नव्हते त्यांच्यासाठी हा कायदा होता, आणि हवाई बेटांमार्गे आलेला कोरियन मजूर त्यांतच मोडत होता. सॅक्रामेंटो खोऱ्यातल्या भारी चिकण जमिनीत इतर पिके नीट येत नसत. पाणी धरून ठेवणारी तीच जमीन भाताला मात्र मानवली. तिथे व्यापारी भातशेती १९१२ च्या सुमारास सुरू झाली, पहिल्या महायुद्धात तांदळाचा भाव चढला, आणि किम यांच्यासारख्या कुळाच्या हाती अल्पावधीत अमाप पैसा आला. हे वैभव मुदतीच्या खंडावर, कालव्याच्या पाण्यावर आणि युद्धाच्या भावावर उभे होते.

आता १९१९ कडे ये. १ मार्चला जपानच्या ताब्यातील कोरियात स्वातंत्र्याची घोषणा झाली, एप्रिलमध्ये शांघायला कोरियाचे हंगामी सरकार स्थापन झाले. त्या सरकारचे लष्करी खात्याचे प्रमुख नो बेक-रिन अमेरिकेत आले, तेव्हा जपानशी लढायचे तर आकाशातून लढता आले पाहिजे, हा विचार त्यांच्या मनात पक्का होता. काही कोरियन तरुण आधीच रेडवूड सिटीच्या शाळेत विमान चालवायला शिकत होते. किम यांनी सुमारे २० हजार डॉलर दिले, विलोज गावाजवळ ४० एकर जागा उपलब्ध करून दिली, आणि १९२० मध्ये कोरियन वैमानिक शाळा उभी राहिली. तिच्या विमानांवर कोरियन ध्वजाचे चिन्ह रंगवलेले होते. ज्या देशाचे नाव जगाच्या नकाशावरून १९१० मध्ये पुसले गेले, त्याचे चिन्ह कॅलिफोर्नियातल्या भातखाचरांवरून उडत होते, हे चित्र माझ्या मनातून जात नाही.

त्याच वर्षीच्या शरदात लवकर आलेल्या पावसाने कापणीला आलेली साळ शेतातच बुडाली. युद्ध संपल्यामुळे भाव आधीच कोसळले होते. नोव्हेंबरमध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी आशियाई लोकांना खंडानेही शेतजमीन मिळू नये, असा आणखी कठोर कायदा मंजूर केला. पाऊस, बाजार आणि कायदा यांचा घाव एकाच हंगामात बसला आणि १९२१ मध्ये शाळा बंद झाली. तुझ्या लेखात पूर आहे, भाव आणि कायदा मात्र नाहीत; म्हणूनच सारी गोष्ट दैवाचा फेरा वाटते.

शाळा फळली नाही असे मात्र लिहू नकोस. पाक ही-सोंग आणि ली योंग-गुन या तिथल्या दोघांना हंगामी सरकारने १९२१ मध्ये अधिकारीपद दिले. त्याहून मला महत्त्वाची वाटते ती दुसरी बाजू. हवाईच्या उसाच्या मळ्यांत, कॅलिफोर्नियातल्या डिन्युबा आणि रीडली इथल्या फळबागांत राबणारे कोरियन मजूर कोरियन नॅशनल असोसिएशन या स्थलांतरितांच्या संघटनेमार्फत आपल्या मजुरीतून वर्गणी देत राहिले. एका माणसाच्या पिकावर टेकलेली संस्था ते पीक गेल्यावर कोसळते. हजारो हातांतून आलेली छोटी रक्कम मात्र वर्षानुवर्षे पुरते. हे म्हणताना किम यांचा मान तिळभरही कमी होत नाही. जमीन स्वतःची नाही, पुढच्या हंगामाची शाश्वती नाही, हे ठाऊक असताना, हातात पैसा असलेल्या त्या मोजक्या वर्षांतच त्यांनी दिले, थांबले नाहीत. दक्षिण कोरियाने त्यांना मरणोत्तर सन्मान दिला तो २००५ मध्ये.

आणखी एक धागा. कॅलिफोर्नियातच स्टॉकटनजवळ खंडाने बटाटे पिकवणाऱ्या ज्वाला सिंग यांनी १९१२ मध्ये बर्कले विद्यापीठातील भारतीय विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्त्या दिल्या आणि पुढे गदर चळवळीत उडी घेतली. आपल्या वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे तर शेतीशास्त्र शिकता शिकताच त्याच चळवळीचे काम करत होते. एकाच किनाऱ्यावर परक्या मातीत राबणाऱ्या या कोरियन आणि भारतीय शेतकऱ्यांवर एखादा परिच्छेद अवश्य लिही, पण तुलना ताणू नकोस.

पुढचा मसुदा ‘राजा’ या शब्दाने नव्हे, तीन वर्षांच्या खंडाच्या कराराने सुरू कर आणि दिवाळीपूर्वी मला पाठव.

कळावे,
तुझा शुभचिंतक