जुन्या गेमच्या मूळ सीडी आहेत, पण विंडोज १० आणि ११ वर गेम चालत नाही, पॅचही लागत नाही. क्रॅक वापरण्याशिवाय काही उपाय आहे का?

आहे. ‘डिस्क फेकून दे आणि क्रॅक (कुलूप तोडलेली गेमची फाइल) घे’ म्हणणारे तुम्हाला जागोजाग भेटतील. मला तर ते घरातच भेटले, म्हणून एवढं लिहायला बसलोय.

पहिल्यांदा एक सांगतो. आयकॉनवर राइट क्लिक करायचं, कम्पॅटिबिलिटीत ‘एक्सपी सर्व्हिस पॅक ३’ निवडायचं आणि देवाचं नाव घ्यायचं, हा सल्ला आता बंद व्हायला पाहिजे. कधीमधी तो लागू पडतो, पण माणूस त्यातच अडकून बसतो. मी दोन आठवडे घालवलेत. त्याऐवजी गाडी नेमकी कुठे अडते ते बघा: सेटअपला, पॅचला (गेममध्ये नंतर दुरुस्ती करणाऱ्या अपडेटला), की सगळं नीट बसल्यावर गेम उघडताना? तिन्ही दुखणी वेगळी आहेत आणि एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही.

माझी गोष्ट ‘एज ऑफ एम्पायर्स ३’ची. गेम २००५ सालचा. आमच्याकडे तो २००७च्या मे महिन्यात आला. बाबा सांगलीत हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी होते. आत्याकडे पुण्याला गेलो असताना त्यांनी मला दुकानात नेऊन खोकं घेऊन दिलं, बाराशे रुपयांना. आत तीन सीडी, एक जाडसर पुस्तिका आणि पंचवीस अक्षरांची की, म्हणजे सेटअप करताना भरायचा क्रमांक. त्या वेळी बाराशे म्हणजे आमच्या घरात महिन्याच्या किराण्याला हात घालणं होतं. संध्याकाळी आत्याच्या घरी खोकं उघडलं तेव्हा आतेभाऊ सगळ्यांसमोर म्हणाला, “मामा, बाराशे? अहो, फुटपाथवर शंभराला मिळते ही. तुम्हाला गंडवलं.” बाबा काही बोलले नाहीत. त्यांनी खोक्याच्या तळाशी बॉलपेनने तारीख घातली आणि खोकं पिशवीत ठेवलं. वादाची सुरुवात तिथली आहे, आणि वाद अजून मिटलेला नाही.

सांगलीला आल्यावर बाबांनी आणखी एक गोष्ट केली. गेमची ती की त्यांनी आपल्या वहीत उतरवून घेतली, अक्षरं इंग्रजी आणि आकडे मराठी. मी हसलो होतो. ते म्हणाले, “असू दे, अडीअडचणीला.”

पुढच्या वर्षी दिवाळीला आतेभाऊ त्याचा पीसी गाडीत घालून घेऊन आला. क्रॉस केबल टाकून दोघांनी खेळायचं ठरलं होतं. माझ्या गेमला मी नेट कॅफेतून पेन ड्राइव्हवर आणलेला पॅच लावलेला होता, त्याचा गेम तसाच, पहिल्या दिवसाचा. दोघांच्या आवृत्त्या वेगळ्या, त्यामुळे त्याला माझ्या गेममध्ये येता येईना. मी त्याला तोच पॅच दिला. पॅच म्हणाला, गेम सापडत नाही. गेम समोर चालू होता, तरी सापडत नाही! कारण त्याने सेटअप कधी केलंच नव्हतं. मित्राच्या मशीनवरून नुसतं फोल्डर उचलून आणलं होतं. पॅच फोल्डर बघत नाही, तो विंडोजच्या रजिस्ट्रीत गेमची नोंद शोधतो. नोंद नाही म्हणजे त्याच्या लेखी गेमच नाही.

तुमचा पॅच का लागत नाही, याचं अर्धं उत्तर यातच आहे. गेम जुन्या मशीनवरून कॉपी करून आणू नका. डिस्कवरून रीतसर सेटअप करा, मगच पॅच. दुसरं, बरेच जुने पॅच अख्खी फाइल आणत नाहीत, फक्त फरक आणतात. ते आधी जुनी फाइल तपासतात आणि एका बाइटचा बदल दिसला तरी हात लावत नाहीत. म्हणून आधी क्रॅक आणि मग पॅच हा क्रम कधीच करू नये. तिसरं, भाषा जुळली पाहिजे: इंग्रजी गेमला इंग्रजीच पॅच. चौथं, विस्तार (मूळ गेमला जोडायचे जादा भाग) असतील तर प्रत्येकाचा पॅच वेगळा. याच गेमचं घ्या: मूळ गेमचा शेवटचा पॅच १.१४, ‘वॉरचीफ्स’चा १.०६ आणि ‘एशियन डायनेस्टीज’चा १.०३. एकाचा पॅच दुसऱ्याला देऊन ‘लागत नाही’ म्हणणारे मी पुष्कळ पाहिलेत.

(‘एशियन डायनेस्टीज’ मी नंतर स्वतःच्या साठवलेल्या पैशांतून घेतली, कारण तिच्यात हिंदुस्थान होता. उंटावरचे जंबुरके पडद्यावर चालताना पहिल्यांदा बघितले तेव्हा मी बाबांना दुपारच्या झोपेतून उठवून आणलं होतं. बखरीत वाचलेला शब्द गेममध्ये दिसतो याचं त्यांनाही फार अप्रूप वाटलं.)

आता २०२०. लॉकडाऊन, मी सांगलीला घरूनच काम करत होतो, नवा लॅपटॉप, विंडोज १०. बाहेरून जोडायचा डीव्हीडी ड्राइव्ह मागवला आणि माळ्यावरून खोकं काढलं. सेटअप व्यवस्थित चालू झालं आणि की मागितली. डबीमागचं लेबल तेरा वर्षांत इतकं घासलं होतं की तिसऱ्या गटात बी आहे की आठ, काही केल्या कळेना. बाबा उठले, कपाटातून वही काढली, पान उघडलं. बाबांचा आठ मराठी होता, त्यामुळे बी आणि आठ यांत घोटाळा व्हायला जागाच नव्हती. पंचवीसच्या पंचवीस अक्षरं पहिल्या फटक्यात बरोबर.

तीन सीडी झाल्या, पॅच झाला. गेम उघडला तर एमएसएक्सएमएल ४.० नीट बसलेलं नाही, असा निरोप. हे दुखणं सोपं आहे: गेमला लागणारा तो जुना भाग वेगळा बसवायचा की निरोप जातो. जुन्या गेमना अशी पथ्यं असतातच. काहींना डायरेक्टप्ले (नेटवर्कवर खेळण्यासाठीचा विंडोजचा जुना भाग) लागतं. ते विंडोजच्याच ‘फीचर्स’मध्ये लेगसी कम्पोनंट्सखाली बंद करून ठेवलेलं असतं, तिथे टिक करायची. काही गेम आपल्याच फोल्डरमध्ये सेव्ह लिहू पाहतात, आणि गेम ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये असेल तर विंडोज ते लिखाण गुपचूप व्हर्च्युअलस्टोअर नावाच्या फोल्डरात वळवतं. मग पॅच एका जागी, फाइल्स दुसऱ्या जागी. म्हणून जुना गेम मी नेहमी सी ड्राइव्हवर ‘गेम्स’ नावाचं साधं फोल्डर करून त्यातच बसवतो. तुम्हीही तसंच करा.

एमएसएक्सएमएल बसवलं, पुन्हा डबल क्लिक केलं. गोल चकरी अर्धा सेकंद फिरली आणि गेली. निरोप नाही, एरर नाही, काही नाही. दोन आठवडे गेले ते इथे.

कारण होतं सेफडिस्क. त्या काळातल्या पुष्कळ गेमच्या डिस्कवर मॅक्रोव्हिजन कंपनीचं हे कुलूप असायचं. डिस्कवर काही सेक्टर मुद्दाम असे लिहिलेले असत की साध्या रायटरने त्यांची हुबेहूब नक्कल होऊ नये, आणि तपासणीसाठी विंडोजच्या गाभ्यात एक ड्रायव्हर (आत खोल चालणारा छोटा प्रोग्रॅम) बसे, सेकड्रव्ह डॉट सिस. या ड्रायव्हरमध्ये २००७ साली मोठं भोक सापडलं. ते बुजवलं गेलं, पण २०१५ला विंडोज १० आलं तेव्हा मायक्रोसॉफ्टने हा ड्रायव्हर चालवायचाच नाही असं ठरवलं, आणि त्याच सप्टेंबरात अपडेट देऊन व्हिस्टा, ७ आणि ८ वरही तो बंद केला. ड्रायव्हर नाही म्हणजे तपासणी नाही, आणि तपासणी नाही म्हणजे गेम नाही. डिस्कची आयएसओ (एका फाइलीतली नक्कल) करून माउंट केली तरी उपयोग नाही, कारण ते विचित्र सेक्टर साध्या आयएसओत येतच नाहीत. तेही करून झालं होतं.

मायक्रोसॉफ्टने केलं ते बरोबरच केलं, असं माझं स्पष्ट मत आहे. एका गेमसाठी गाभ्यात असलं दार उघडं ठेवू नये. टेस्ट मोड (विंडोजची ड्रायव्हरवरची तपासणी सैल करणारा मोड) लावून जुना ड्रायव्हर परत घालायचे उपाय सांगणारे लोक आहेत. ज्या मशीनवर तुमची बँक उघडते त्यावर हे अजिबात करू नका.

त्या दिवाळीत घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मी सहज लिहिलं की गेम चालत नाही. आतेभावाने त्याच्या मशीनवर तोच गेम चालू असल्याचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, “मामांचे बाराशे शेवटी पाण्यातच.” बाबा त्या ग्रुपवर आहेत.

त्याची कॉपी चालते हे मी नाकारत नाही. कुलूपच तोडलेलं असेल तर ड्रायव्हर असला काय, नसला काय. पण तिला पॅच लागत नाही, म्हणजे २००५ साली जे होतं तेच आजही. फाइल कोणी, कधी, काय घालून बदलली ते त्याला माहीत नाही, आणि अँटिव्हायरस ओरडला की तो अँटिव्हायरसच बंद करतो. मूळ डिस्कवरून मी गेम कधीही पुन्हा पहिल्यापासून उभा करू शकतो. त्याला ते जमणार नाही. माझं भांडण एवढंच होतं आणि आहे.

आणि आता तुमच्या कामाचं. सेफडिस्कशिम नावाचा एक मोफत, मुक्तस्रोत प्रोग्रॅम आलाय. गेम ड्रायव्हरला जे प्रश्न विचारतो त्यांची उत्तरं हा बाहेरच्या बाहेर देतो, गाभ्यात काहीही न बसवता. डिस्कची तपासणी मात्र होतेच, ड्राइव्हमध्ये मूळ डिस्क लागतेच. म्हणजे हे कुलूप तोडणं नाही. मी गेल्या वर्षी बसवला, पहिली सीडी घातली, ड्राइव्ह घरघरला, आणि गेम उघडला. स्क्रीनचा फोटो त्याच ग्रुपवर टाकला, शेजारी बाबांच्या वहीचं पान ठेवून, की झाकून. आतेभावाने अंगठा दाखवला. बाबांनी फोन करून विचारलं, “उंटवाले पण आहेत का अजून?” ते ‘एशियन डायनेस्टीज’च्या डिस्कवर आहेत, ती लावायची राहिलीय.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. हे सगळं साधारण २०००च्या पुढच्या गेमचं झालं. नव्वदीतला गेम असेल आणि सेटअपच ‘हे अ‍ॅप या पीसीवर चालणार नाही’ म्हणत असेल, तर बहुतेक सेटअप १६ बिटचं, म्हणजे फार जुन्या विंडोजसाठी लिहिलेलं, आहे. गेम स्वतः ३२ बिटचा आणि सेटअप १६ बिटचं, असं तेव्हा सर्रास असायचं. ६४ बिट विंडोज १६ बिटचं काही चालवत नाही, आणि विंडोज ११ ची ३२ बिट आवृत्तीच नाही. तिथे ओटीव्हीडीएम नावाचा प्रोग्रॅम मदत करतो. रंग बिघडले किंवा पडदा काळा राहिला तर डीजीव्हूडू २ हा प्रोग्रॅम बघा, पण त्यावर वेगळं लिहावं लागेल. सेफडिस्क सोडून दुसरी कुलुपंही होती, त्यांना सेफडिस्कशिम चालत नाही. एमएसएक्सएमएल ४ ला २०१४ पासून सुरक्षेचे अपडेट नाहीत, तेव्हा खेळून झालं की काढून टाकलं तरी चालेल. आणि डिस्कवर खोल ओरखडा असेल तर हट्ट करू नका. माझ्या या गेमची डेफिनिटिव्ह एडिशन (नव्याने केलेली आवृत्ती) २०२०च्या ऑक्टोबरात आली आहे, आणि इतर पुष्कळ जुने गेम जीओजी या गेम विकणाऱ्या साइटवर कुलपाशिवाय विकत मिळतात. तेही रीतसर घेणंच आहे.

तुम्ही गेमचं नाव लिहिलेलं नाही. नाव, विंडोज १० की ११, आणि अडतं तिथे येणारा निरोप शब्दशः लिहा. निरोप येतच नसेल, नुसती चकरी फिरून जात असेल, तर तसं लिहा. आणि आज डबीमागची की एका कागदावर उतरवून ठेवा, आकडे मराठीत.