२६ इंची बॅरलसाठी हप्ते काढावेत का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: ६.५ क्रीडमूर या काडतुसाची रायफल बांधून घेताय, सध्या ३०० मीटरवर कागदी टार्गेट मारता, पुढे १००० मीटरला जायचंय आणि मनात २६ इंची कस्टम बॅरल, म्हणजे खास बनवून घेतलेली नळी, भरलीये. पण ती घ्यायची तर हप्ते काढायला लागतील किंवा इमर्जन्सी फंड मोडायला लागेल, आणि २४ इंची साधी फॅक्टरी बॅरल मात्र रोखीत बसते.

माझं मत सरळ सांगतो, २४ इंची घ्या आणि इमर्जन्सी फंडाला अजिबात हात लावू नका.

दोन इंच जास्त मिळाले की गोळीचा वेग किती वाढतो, तर इंचामागे साधारण २०-२५ फूट प्रति सेकंद धरा, म्हणजे सगळे मिळून ४०-५०. ३०० मीटरवर स्कोपचे क्लिक जरासे बदलतील, बाकी टार्गेटवर काही कळणार नाही. १००० मीटरला वारा थोडा कमी ढकलेल हे खरंय, पण १४० ग्रेन (साधारण ९ ग्रॅम) वजनाची चांगली मॅच गोळी, म्हणजे स्पर्धेसाठीची, २४ इंचातूनही तिथपर्यंत आरामात सुपरसॉनिक, म्हणजे आवाजापेक्षा वेगवान, राहते. आणि लांब बॅरल म्हणजे जास्त अचूक असं कोणी सांगितलं असेल तर ते डोक्यातून काढून टाका प्लीज, जाडी तीच ठेवली तर लांब नळी उलट जास्त हलते, २० इंची नळी २६ इंचीच्या दुपटीपेक्षा जास्त ताठ असते. मग ते भरून काढायला जाडी वाढवायची, की वजनही वाढलं आणि खर्चही.

आता पैशांचं बघू, कारण इथे बहुतेकांचा हिशोब चुकतो. क्रीडमूरची बॅरल साधारण २००० ते ३००० राउंड (झाडलेली काडतुसं) चांगली चालते, मग चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेच्या, पुढचा थ्रोट हा नळीचा भाग गरम गॅसने झिजतो आणि ग्रुप, म्हणजे टार्गेटवरचे गोळ्यांचे पुंजके, पसरायला लागतात, लांबी २४ असो की २६. म्हणजे ही गाडीच्या टायरसारखी झिजणारी वस्तू आहे, आणि झिजणाऱ्या वस्तूवर लांब मुदतीचं कर्ज घेऊ नये हे मी प्रत्येकाला सांगतो. समजा महिन्याला १०० राउंड मारले आणि आयुष्य २५०० धरलं, तर २५ महिन्यांत बॅरल संपली, आणि तुम्ही हप्ते घेतलेत ३६ महिन्यांचे, तर शेवटचे ११ हप्ते तुम्ही मेलेल्या बॅरलचे भरताय, वर नवीन बॅरलचे पैसे वेगळेच.

त्यापेक्षा असं करा, नवीन बॅरल अधिक गनस्मिथची (बंदूक कारागिराची) बसवायची मजुरी यांच्या बेरजेला २५०० ने भागा, जो आकडा येईल तेवढे पैसे दर राउंडमागे वेगळ्या खात्यात टाकत जा. प्रॅक्टिसवरून आलात की मारलेले राउंड मोजायचे आणि त्याच दिवशी ट्रान्सफर करायचं, पुढे ढकललं की राहतंच. आणि हो, २५०० मॅच राउंडचा खर्च बॅरलच्या किमतीच्या कितीतरी पट होतो, त्यामुळे वाचलेले पैसे काडतुसांत घाला, वारा वाचायला शिकाल ते राउंड मारूनच.

लांब घेऊन नंतर कापता येते, कापलेली वाढवता येत नाही, हे तुमचं म्हणणं बरोबर आहे. पण कापली की क्राउन, म्हणजे नळीच्या तोंडाची अचूक घडवलेली कड, नव्याने करायला लागतो, तो खर्च धरलाय का? सायलेन्सर लावणार असाल तर त्याची लांबी वर येते ती वेगळी.

एक गोष्ट मात्र विचारून घ्या. एकाच मेकरच्या २४ आणि २६ मध्ये किमतीचा फरक बऱ्याचदा अगदी किरकोळ असतो, खरा फरक कस्टम आणि फॅक्टरीत आहे. फॅक्टरीतलीच २६ इंची तेवढ्याच पैशात रोखीत मिळत असेल आणि वजन झेपत असेल तर खुशाल घ्या, माझी काही हरकत नाही.

महिन्याला साधारण किती राउंड मारता आणि बसवायची मजुरी किती सांगितलीये ते कळवा, दर राउंडमागची रक्कम काढून देतो.